मागच्या खोलीतली सुई

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

आज माझ्या पोरीचा, नीलमचा दवाखाना सुरू झाला. वरवंडातच, हायवेच्या कडेला, मुथा डॉक्टरांचा होता त्याच गाळ्यात. एकतीस वर्षं मी तिथं कंपाउंडर होतो. डॉक्टर चार वर्षांपूर्वी पुण्याला मुलाकडे गेले आणि तिकडेच वारले. तेव्हापासून शटर बंदच होतं. बाकडी तीच, मागच्या खोलीतली लोखंडी खाट तीच. हिरवा पडदा मात्र माझ्या बायकोनं, सुरेखानं नवा शिवला. दारावर पाटी लावली : डॉ. नीलम ओहोळ, एम.बी.बी.एस.

चौदा ऑक्टोबर ही तारीख नीलमनंच ठरवली. सकाळी विहारात वंदना केली आणि दहा वाजता शटर वर केलं.

लोक मला विचारतात, एमबीबीएस झालेल्या पोरीला नोकरी लागत नाही व्हय? लागली होती. बाँडचं एक वर्ष सरकारी केंद्रात गेलं. पुढं तिथंच अकरा महिन्यांचा करार झाला, तो संपल्यावर परत झाला नाही. पुण्याला मुलाखतीला गेली तर सहा जागांना पावणेदोनशे जण. घरी येऊन म्हणाली, "नाना, रांगेत माझ्यापुढं एमडी झालेला मुलगा उभा होता." मग शिरूरला एका खाजगी हॉस्पिटलात आठ महिने बारा-बारा तासांच्या ड्युट्या केल्या. तिथं गरज नसलेल्या तपासण्या लिहायला सांगायचे. सोडून आली.

संध्याकाळी नीलमचा धाकटा भाऊ धम्मदीप कोरेगाव भीमाहून पेढे घेऊन आला. तो तिथं एका कारखान्यात ठेकेदाराकडं ऑपरेटर आहे. म्हणाला, "ताई, न्हाई चाललं तर आमच्या लाइनीवर ये. ओव्हरटाइम तरी देत्यात." सगळे हसलो. नीलमही हसली, पण जरा उशिरा.

मुथा डॉक्टर मला दर जानेवारीत औषध कंपनीची डायरी द्यायचे. म्हणायचे, "लिहून ठेवत जा म्हाळू. माझ्या लक्षात राहील म्हणणारा माणूसच पेशंटला मारतो." डॉक्टर गेले, तरी सवय राहिली. डायरी आता विकत आणतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आठ दिवसांत अकरा पेशंट. त्यातले चार आमच्याच वस्तीतले.

नीलम पेशंटला वीस-वीस मिनिटं तपासते. पोट दाबून बघते, नखं बघते, घरात पाणी कुठलं पिता विचारते. मग दोन गोळ्या लिहिते आणि सांगते, तीन दिवसांत बरं वाटेल, सुईची गरज नाही. पेशंट मान हलवतो, बाहेर येतो आणि माझ्याकडं बघतो. एकजण म्हणाला, "म्हाळू, एवढा टाइम बसवून घेतलं, आन् सुई न्हाई?"

सुई तिनं दोघांनाच मारली. हात जरा जड आहे पोरीचा. सवयीनं येईल.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीनंतर आज पहिल्यांदा बाक भरलं. भरलं म्हणजे तिघं होते. पलीकडच्या चौकात एकजण दवाखाना चालवतो, त्याच्याकडं डिग्री कसली आहे कोणाला माहीत नाही. त्याच्या दारात मोटारसायकली लावायला जागा नसते. तो सगळ्यांना सुई मारतो.

दीड वाजता नीलम जेवायला घरी गेली. ती चारला परत येते. मी डबा खाऊन खाटेवर आडवा झालो होतो. झुंबरबाई आली. सकाळी ती नीलमला दाखवून गेली होती. पिंढऱ्या दुखतात, हातपाय गळाल्यासारखे होतात. नीलमनं रक्त तपासून आणायला सांगितलं होतं, गोळ्या दिल्या होत्या.

"पोरगी हुशार हाय रं तुझी," झुंबरबाई म्हणाली, "पर माझं अंग सुईबिगर वळणावर येत न्हाई. मुथा डॉक्टर लाल सुई द्यायचा तसली दे. न्हाईतर मी जाती चौकात."

मी म्हणालो, डॉक्टरला विचारावं लागंल. ती म्हणाली, "तुला कवापासनं विचारावं लागाया लागलं?"

लाल सुई म्हणजे साधं व्हिटॅमिन. त्यानं कोणाचं काही बिघडत नाही. शेजारच्या मेडिकलमधून आणली आणि मारली. झुंबरबाई उठून बसली, म्हणाली, "मारलीस व्हय? कळलंबी न्हाई! म्हाळू, तुझा हात अजून तसाच हाय. हलका." जाताना म्हणाली, आता हितंच येईन, पोरीच्याच गोळ्या घेईन.

चार वर्षांनी सिरिंज हातात धरली. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं.

झुंबरबाई. लाल, १. नीलमला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नाही.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज एकोणीस पेशंट. नीलमनं संध्याकाळी स्वतःच मोजले. म्हणाली, "नाना, लोकांना समजावून सांगितलं की पटतं. गोळ्या वेळेवर घेतात, परत येऊन बरं वाटलं म्हणून सांगतात." तिचा चेहरा असा बारावीच्या निकालाच्या दिवशी पाहिला होता.

दुपारी पाच जण येऊन गेले होते. लाल, ४. एकाला कमरेसाठी दुखण्याची, १.

नीलमनं विचारलं, "मागच्या खोलीत स्पिरीटचा वास का येतोय?" मी म्हणालो, खाट पुसली. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली, मग म्हणाली, "तुम्ही कशाला पुसता? बाई येते ना." तिला माझी काळजी वाटते.

१२ डिसेंबर, गुरुवार

आज बापूसाहेब दवाखान्यात आले. सोसायटीचे दोनदा चेअरमन होते, गावात अजून त्यांचा शब्द चालतो. ते आले की मागं दहा घरं येतात. मुथा डॉक्टर त्यांना दारापर्यंत सोडायला जायचे.

सोबत सून सविता होती. नीलमनं त्यांची साखर पाहिली, उपाशीपोटी एकशे साठ. आधीचीच गोळी चालू ठेवली, पथ्य लिहून दिलं. गुडघ्यांसाठी व्यायाम करून दाखवला. बापूसाहेब सविताला म्हणाले, "ह्या वयात मला ड्रिल शिकवती पोरगी."

अडीच वाजता त्यांची गाडी परत आली. या वेळी एकटेच. "म्हाळू, ड्रिल न्हाई जमायची. मुथा मारायचा ती मार."

मुथा डॉक्टर त्यांना दोन औषधं एकत्र करून द्यायचे. एक दुखण्याचं आणि एक डेक्सा, म्हणजे स्टिरॉइड. डेक्सानं तासाभरात माणूस चालायला लागतो. मला माहीत आहे, त्यानं साखर चढते. मी म्हणालो, "आप्पा, साखर हाय तुम्हाला." ते म्हणाले, "तवा न्हवती व्हय? मुथाच्या हातनं वीस वर्सं घेतली." आणि मग, "तुझी पोरगी हितं टिकावी असं वाटतं ना तुला?"

बापूसाहेब. डेक्सा १, दुखण्याची १.

जाताना ते पायऱ्या काठीशिवाय उतरले. संध्याकाळी त्यांचा मुलगा दत्ता आईला घेऊन आला आणि नीलमला म्हणाला, तुमच्या औषधानं आप्पांना लई फरक पडला. तिनं मान खाली घालून हसू लपवलं. मी केस पेपर लावत होतो. दोनदा चुकीच्या खणात लावले.

१ जानेवारी २०२५, बुधवार

सगळे कोरेगावला अभिवादनाला जाऊन आलो. दवाखाना बंद. येताना नीलमच्या फोनवर बापूसाहेबांच्या घरचा फोन. आज दवाखाना का बंद म्हणून विचारत होते. ती म्हणाली, सणाला सुट्टी असते. पलीकडून काय म्हणाले तिनं सांगितलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार

बापूसाहेबांची साखर दोनशे चाळीस.

नीलमनं सविताला अर्धा तास विचारलं. काय खातात, गोड किती, गोळी कोण देतं, दुसरीकडं कुठं काही औषध घेतात का. सविता म्हणाली, मी स्वतः गोळी देते, गोड बंद आहे. बापूसाहेब म्हणाले, "दुसरीकडं कशाला जाऊ?" आणि माझ्याकडं न बघता खिडकीबाहेर बघत बसले. नीलमनं गोळी वाढवली.

तेवीस डिसेंबर, अठ्ठावीस डिसेंबर, तीन जानेवारी, सात जानेवारी. डेक्सा प्रत्येकी १. आज दुपारी ते आले तेव्हा मी नाही म्हणालो. ते खाटेवर जाऊन कुशीवर वळून पडले आणि म्हणाले, "आटप." डेक्सा १.

३ फेब्रुवारी, सोमवार

साखर तीनशे दहा. गोळी परत वाढवली.

नीलम जेवताना ताटाकडं बघत बसते. सुरेखा म्हणाली, घास तरी घे. तर म्हणाली, "आई, डायबेटिस हा काही अवघड आजार नाही. सगळ्यात साधा आहे. मला तोच कळत नसेल तर मी काय डॉक्टर?" कॉलेजातल्या तिच्या सरांना तिनं फोन केला होता. पुस्तकं परत काढलीत, आता टेबलावर पेशंटच्या खुर्चीच्या बाजूनंही पुस्तकंच आहेत.

पुण्याच्या एका विमा कंपनीनं तिला बोलावलंय. हॉस्पिटलांनी पाठवलेली बिलं कॉम्प्युटरवर तपासायची, मंजूर का नामंजूर ते सांगायचं. तिच्या वर्गातले तिघं तिथं आहेत. ती मला म्हणाली, "माणसाला हात लावायचाच नाही, नाना. कागद मरत नाहीत."

मी तिथंच सांगायला पाहिजे होतं. "विचार करू" म्हणालो आणि हात धुवायला उठलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार

काल बापूसाहेबांना शेवटची दिली. आज ठरवलं, आता कोणालाच नाही. बाटल्या मेडिकलमध्ये परत केल्या. झुंबरबाईला सांगितलं, हात थरथरतो आता. ती म्हणाली, "खोटं बोलतुयास." बापूसाहेबांना सांगितलं, ते औषध यायचं बंद झालंय. ते चिडून गेले.

एवढं सोपं होतं तर आधी का केलं नाही? आता साखर आपोआप उतरेल, नीलमला वाटेल तिच्याच गोळीनं उतरली. तिचा आत्मविश्वास परत येईल. कोणाला काही सांगायची गरज पडणार नाही. बऱ्याच दिवसांनी झोप लागेल आज.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सव्वानऊला दत्ता बापूसाहेबांना जीपमध्ये आडवं घालून घेऊन आला. घामानं भिजलेले, डोळे उघडे पण ओळख नाही, तोंडातून शब्दांऐवजी नुसता आवाज. काल महाशिवरात्र, दिवसभर उपास होता. गोळी मात्र घेतली होती.

नीलमनं बोटाला टोचून साखर पाहिली. अडतीस.

शीर सापडेना. तिनं दोनदा सुई घातली, दोन्हीदा फुगली. दत्ता ओरडायला लागला, "येतंय का न्हाई तुम्हाला? दुसरीकडं न्यू का?" तिचा हात थांबला. मग ती माझ्याकडं वळून म्हणाली, "नाना, तुम्ही लावा."

मी मनगटाच्या बाजूला शीर धरली. पहिल्याच झटक्याला रक्त आलं. तिनं ग्लुकोज भरलं, मी सोडलं. पाच मिनिटांत बापूसाहेबांनी डोळे फिरवले आणि म्हणाले, "दत्ता, जोडं कुठं हायत माझं?"

सविता भिंतीला टेकून रडायला लागली. दत्तानं सगळ्यांसमोर माझे पाय धरले. "म्हाळूकाका, तुम्ही हुता म्हणून आप्पा वाचलं." आणि उठून नीलमकडं बघत म्हणाला, "गोळ्यांचा मारा करून मारलं असतं माझ्या बापाला. शिकाऊ लोकांनी धंदा मांडू नये."

बाहेर पंधरावीस माणसं जमली होती. सगळ्यांनी ऐकलं. नीलम म्हणाली, "आज त्यांना एकटं सोडू नका. दर दोन तासांनी साखर बघावी लागेल." दत्ता बापाला धरून जीपकडं निघालाही होता.

मी हातातला कापूस टाकायला मागच्या खोलीत गेलो आणि तिथंच उभा राहिलो. साखर आपोआप उतरेल, असं मी लिहिलं होतं. उतरली. पण गोळी वाढलेलीच होती, हे एकतीस वर्षं औषधं काढलेल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तर तिला गोळी कमी करायला सांगावं लागलं असतं. का, ते सांगावं लागलं असतं. म्हणूनच आलं नसेल.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

पेशंट एकही नाही.

चहाच्या टपरीवर मला पैसे देऊ दिले नाहीत. "डिग्रीचं काय घिऊन बसलाय," टपरीवाला म्हणाला, "खरा डॉक्टर म्हंजी म्हाळूकाका." सगळे हसले. मीही कप हातात धरून उभा होतो. चहा पूर्ण प्यालो. काल मी काही बोललो नाही, आजही बोललो नाही.

१ मार्च, शनिवार

सकाळी नीलम फोनवर होती. "हो, सोमवारी नक्की कळवते. बहुतेक येईनच." मग टेबलाचे खण रिकामे करायला लागली.

मी तिच्या टेबलासमोर उभा राहिलो. म्हणालो, "बापूसाहेबांची साखर तुझ्यामुळं वाढली नव्हती."

तिनं वर पाहिलं.

"मी त्यांना सुई मारत होतो. दुपारी."

"कोणती?"

"डेक्सा."

"किती?"

"एक-एक. दर चार-पाच दिवसांनी."

"कधीपासून? कधीपर्यंत?"

सांगितलं. तिनं टेबलावर बोटांनी आठवडे मोजले. ती मला लहानपणापासून तुम्हीच म्हणते. पण आज "तुम्ही एकदम बंद केलंत? हळूहळू कमी न करता?" असं विचारलं, तेव्हाचं तुम्ही पेशंटच्या नातेवाइकाला म्हणतात तसं होतं.

"आणखी कोणाकोणाला?"

मी घरी जाऊन या दोन्ही डायऱ्या आणल्या. चोवीसची आणि ही. तिच्या हातात दिल्या. यात तिच्याबद्दल काय काय लिहिलंय तेही आठवलं, पण पानं फाडता आली नसती. ती मागच्या खोलीत गेली, पडदा ओढला आणि खाटेवर बसून वाचायला लागली. मी बाहेर बाकावर बसलो, पेशंट बसतात तिथं.

दीड तासानं बाहेर आली. "सतरा जण आहेत."

"हो."

"झुंबरबाईंना लाल सोडून दुसरं काही?"

"नाही."

ती खुर्चीत बसली. "मी सरांना दोनदा फोन केला होता. ते म्हणाले, पेशंट काहीतरी लपवतोय, दवाखान्यातल्या माणसांनाही विचार. मी म्हणाले, नाही सर, आमच्या घरचेच लोक आहेत सगळे." मी म्हणालो, "तुझा दवाखाना चालावा म्हणून केलं. तुझ्यासाठी." ती म्हणाली, "उद्या बापूसाहेबांच्या घरी जाऊन हे सांगायचं. तुम्ही. मी गेटाबाहेर थांबेन."

२ मार्च, रविवार

बापूसाहेब ओट्यावर खुर्चीत होते. दत्ता होता, सोसायटीतले दोघं होते. त्यांना कपबशीत चहा आला, मला नेहमीसारखा स्टीलच्या पेल्यात. मी पेला खाली ठेवला आणि उभ्यानंच सांगितलं. कधीपासून, काय, किती. आणि गोळ्या का वाढवाव्या लागल्या.

बापूसाहेब म्हणाले, "मग? मीच म्हणलो हुतो, मार म्हणून. त्यात एवढं कीर्तन कशाला?"

"चूक माझी हाय आप्पा. डॉक्टरची न्हाई."

"गोळ्या तर पोरीनंच वाढवल्या ना?"

दत्ता उठला. तीन दिवसांपूर्वी यानंच माझे पाय धरले होते. "म्हंजी तू मारायला निघाला हुतास व्हय रं आमच्या बापाला? आन् वर माझ्याकडनं पाय धरून घेतलंस?"

मी म्हणालो, "व्हय. धरून घेतलं."

तेवढ्यात दारातून सविता म्हणाली, "डॉक्टरांनी तीनदा विचारलं हुतं, दुसरं काही घेता का. कागदावर लिवलंय तसं. आप्पा, तुम्हीच न्हाई म्हणलात. मी तिथंच उभी हुते." सासऱ्यापुढं सविता एवढं बोललेली कोणी ऐकलं नसेल. त्या घरात नीलमला डॉक्टर म्हणणारी ती पहिलीच.

बापूसाहेब जरा वेळानं हसले. "बरं झालं ते झालं. म्हाळू, उद्यापास्नं तू हितंच घरी येऊन मारत जा. दवाखान्याचं लफडंच नगं."

मी पेला तिथंच सोडून पायऱ्या उतरलो. गेटाशी आलो तर सविता पाठीमागून गोळ्यांचा डबा घेऊन पळत आली. माझ्याकडं बघितलं नाही. नीलमसमोर डबा उघडला आणि म्हणाली, "डॉक्टर, आता ह्यातली कुठली किती द्यायची, तेवढं मला लिवून द्या." नीलमनं गेटाच्या खांबावर कागद ठेवून लिहून दिलं. खांब तापलेला होता, ती मधेमधे हात उचलत होती.

५ मार्च, बुधवार

तीन दिवसांत सतरा घरं झाली. प्रत्येक ठिकाणी मी सांगायचं, नीलमनं तपासायचं. दोघांचा रक्तदाब वाढलेला निघाला, एका बाईच्या दंडात गाठ होती. माझ्या हलक्या हाताची. तिनं मला ती कधी दाखवली नव्हती, म्हणाली, "म्हटलं, कशाला तुमचं मन मोडायचं." एकानं दार लावून घेतलं. एका म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं मग आज आणलीया का सुई?"

वस्तीत तोंड दाखवणं अवघड झालंय. धम्मदीपचा फोन आला होता, आईशीच बोलला.

विमा कंपनीला नीलमनं सोमवारी कळवलं. काय कळवलं ते विचारायचा मला हक्क नाही. सुरेखा म्हणाली, "गेली असती तर बरं होतं. तिला रोज तुमच्यासमोर तर बसावं लागलं नसतं." त्यावरून समजलं.

औषधाच्या कपाटाची किल्ली नीलमनं घेतली. डायऱ्या परत दिल्या. जिथं जिथं औषध आणि मात्रा आहे तिथं पेन्सिलीनं खूण केलेली आहे. फक्त आठ नोव्हेंबरच्या पानावर एक खूण जास्तीची आहे. "चार वर्षांनी सिरिंज हातात धरली. संध्याकाळपर्यंत बरं वाटत होतं," या ओळीखाली. त्या ओळीत औषधाचं नाव नाही, मात्रा नाही. तिथं खूण का केली ते कळलं नाही. विचारलंही नाही.

७ मार्च, शुक्रवार

दहा वाजता शटर नीलमनं वर केलं. मी रस्त्याच्या पलीकडं उभा होतो, आत यायचं का नाही ते ठरत नव्हतं. तिनं आतून हाक मारली नाही, पण बाहेरच्या टेबलाशी माझी खुर्ची मांडलेली दिसली. गेलो.

टेबलावर नवं रजिस्टर होतं. तिनं पट्टीनं रेघा मारलेल्या. नाव, वय, तक्रार, आणि शेवटचे दोन रकाने : "गेल्या महिन्याभरात कुठं सुई घेतली का?" आणि "कोणी दिली?" तिनं एवढंच सांगितलं, "हे विचारल्याशिवाय कोणाला आत पाठवायचं नाही. एकालाही."

साडेअकरापर्यंत कोणी आलं नाही. मग झुंबरबाई आली, पिंढऱ्या चोळत बाकावर बसली. गेल्या मंगळवारी आम्ही तिच्याही घरी जाऊन आलो होतो, तिला सगळं माहीत आहे. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, तक्रार लिहिली. मग विचारलं,

"गेल्या महिन्याभरात कुठं सुई घेतली का?"

झुंबरबाई माझ्या तोंडाकडं बघत राहिली आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "आरं मेल्या, तूच तर मारलीस की! फेब्रुवारीत. इसरला व्हय?"

आत पानं उलटायचा आवाज चालू होता, तो थांबला.

मी म्हणालो, "न्हाई इसरलो." तारीख लिहिली. लाल, १. शेवटच्या रकान्यात लिहिलं : म्हाळू ओहोळ. अक्षर सरळ आलं. मग उठलो, पडदा बाजूला धरला आणि म्हणालो, "जा आत, डॉक्टर बसल्यात."